बारा आण्यांचा मसाला

काउंटरमागच्या भिंतीवर रायफली ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीला किमतीची चिठ्ठी बांधलेली होती. डावीकडे सुरुवात साडेचारशे डॉलरच्या आसपास, उजव्या टोकाला आकडा अडीच हजारांच्या पुढे. जाहिरातीतलं आश्वासन मात्र अनेकींचं सारखंच: शंभर यार्डांवर तीन गोळ्या साधारण एका इंचात.

"मग वरचे दोन हजार कशाचे?" मी विचारलं.

"काही कारागिराचे, काही नावाचे, आणि काही खरोखरच कामाचे," दादा म्हणाला. "त्यातले कामाचे कुठले, एवढंच शोधायचं."

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. पिंपरीच्या मशीन शॉपमध्ये उमेदवारी केलेला, आता डेट्रॉईटजवळ गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. मिशिगनमध्ये दर वर्षी १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम उघडतो. काही गावांत त्या दिवशी शाळांनाही सुट्टी असते. सहकाऱ्यांबरोबर उत्तर मिशिगनच्या जंगलात जायचं आणि उरलेलं वर्षभर कागदावर नेम धरायचा, म्हणून त्याला एक रायफल हवी होती. पुण्यात आत्याला हे कळलं तेव्हा फोनवर ती पहिल्यांदा म्हणाली, "हे कुठलं खूळ रे?" मग रायफल साडेपाचशेची आणि तिच्यावरची दुर्बीण जवळपास तेवढ्याचीच, हे ऐकून म्हणाली, "म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!"

आत्याच्या वाक्यात या धंद्याचं अख्खं अर्थशास्त्र आहे. फक्त या कोंबडीला मसाला लागतोच. प्रश्न असतो तो कुठला घालायचा याचा.

खरेदीची रीत आधी सांगते, कारण तिकडच्या मराठी घरांत याविषयी बरेच गैरसमज दिसतात. परवानाधारक दुकानातून रायफल घ्यायची तर वय किमान १८ लागतं, ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो आणि १९९८ पासून सुरू असलेल्या यंत्रणेतून तुमची पार्श्वभूमी तपासली जाते. ग्रीन कार्ड असेल तर मार्ग मोकळा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला मात्र बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक महत्त्वाचा अपवाद. मी तर पाहुणी. तेव्हा या लेखातली प्रत्येक गोळी दादाने झाडली. मी शेजारी बसून स्पॉटिंग स्कोपमधून कागदावरची भोकं मोजली.

कारागीर कुठे गेला?

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचं काम समजायला सोपं आहे. दांडा वर उचलून मागे ओढला की रिकामी पितळी खोळ बाहेर पडते. पुढे ढकलून खाली दाबला की नवं काडतूस नळीत बसतं आणि बोल्टच्या टोकाचे पोलादी कान खाचेत अडकून दार बंद होतं. आजच्या बहुतेक रायफलींची वंशावळ जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या पॉल माउझरपर्यंत जाऊन पोहोचते. त्याची १८९८ ची रचना इतकी पक्की निघाली की पुढच्या सव्वाशे वर्षांत डिझाइनरांनी मुख्यतः ती स्वस्त कशी करायची याचाच विचार केला.

अमेरिकेत याचं ठळक उदाहरण म्हणजे विंचेस्टरचं 'मॉडेल ७०'. १९३६ साली आलेल्या या रायफलीवर यंत्रकाम आणि हातकाम दोन्ही भरपूर असे. मजुरी वाढत गेली तसं ते परवडेना. १९६४ साली कंपनीने तिची रचना स्वस्त केली आणि गिऱ्हाईक इतकं नाराज झालं की '६४ पूर्वीची' हा जुन्या बाजारात आजही दर वाढवणारा शिक्का आहे. जुनं महागडं रूप राखून आतली काटकसर लपवायला गेलं की असं होतं.

दुसऱ्यांनी मुळापासून वेगळा विचार केला. रेमिंग्टनने १९४८ च्या ७२१ आणि ७२२ या मॉडेलांत व पुढे १९६२ च्या '७००'मध्ये रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मधला भाग, चक्क गोल केला. गोल भाग लेथवर भराभर निघतो. रिसीव्हरखाली झटका पेलणारा पोलादी दात लागतो. तो अखंड न कोरता त्यांनी नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये वॉशरसारखा दाबून बसवला. "हे ज्याने केलं तो दुकानावर उभा राहिलेला माणूस असणार," दादा म्हणाला. त्याच्या भाषेत दुकान म्हणजे मशीन शॉप.

सॅव्हेजच्या ११० मॉडेलची कथा तर त्याला तोंडपाठ आहे. निकोलस ब्रूअर यांची ही रचना १९५८ ची. रायफलीत सर्वांत नाजूक माप असतं ते बंद बोल्टचा चेहरा आणि नळीतली काडतुसाची जागा यांच्यामधलं; त्याला हेडस्पेस म्हणतात. .३०८ च्या काडतुसासाठी 'चालेल' आणि 'चालणार नाही' या दोन गेजांमध्ये साधारणपणे इंचाच्या फक्त चार हजारांशांचा फरक असतो, म्हणजे मिलिमीटरचा एक दशांश. पूर्वी अनुभवी कारागीर नळी बसवून, काढून, थोडं कापून, पुन्हा बसवून हे माप आणत असे. ब्रूअरने नळीवर एक मोठा नट चढवला. आत गेज ठेवायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळून टाकायचा. बोल्टचं डोकंही त्याने वेगळं करून किंचित हलतं ठेवलं. त्यामुळे दोन्ही कान आपोआप सारखे टेकतात, घासून जुळवावे लागत नाहीत. स्वस्तात करायच्या या युक्त्यांनी नेमही सुधारला. १९८८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, तेव्हा नव्या व्यवस्थापनाने बाकी सगळा पसारा आवरून याच एका रायफलीवर संसार पुन्हा उभा केला.

नळीचंही तेच झालं. थंड पोलादाच्या पोकळ दंडात आट्यांचा उलटा साचा घालून बाहेरून हातोड्यांचा मारा करायचा, म्हणजे आतले आटे एका दमात उमटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत मशीनगनच्या नळ्या झपाट्याने करण्यासाठी आकाराला आलेलं हे तंत्र आज खिशाला परवडणाऱ्या रायफलींच्या नळ्या घडवतं. यंत्र महाग, पण एकदा बसवलं की प्रत्येक नळी जवळजवळ सारखी निघते. भिंतीवरची साडेपाचशेची रायफल अडीच हजारांच्या शेजारी मान वर करून उभी होती ती यामुळे. तिच्या नळीत आणि बोल्टमध्ये कारखान्याने पैसे वाचवले ते माणसाचा हात काढून घेऊन. माप त्याने ढिलं होऊ दिलेलं नाही.

पाच स्थळं

दादाच्या यादीत शेवटी पाच कंपन्यांच्या रायफली उरल्या. सॅव्हेजची अ‍ॅक्सिस सर्वांत स्वस्त, ११० तिची थोरली बहीण. रुगरची 'अमेरिकन' २०११ च्या अखेरीस बाजारात आली: बोल्टला तीन कान, त्यामुळे दांडा ७० अंशच उचलावा लागतो आणि दुर्बिणीखाली बोटं अडकत नाहीत, नळीला नट इथेही आहेच. दस्त्यात रिसीव्हर टेकायला इंग्रजी व्ही आकाराचे पोलादी ठोकळे आहेत. फिनलंडमधल्या रीहीमाकी इथे साको कंपनी टिक्का बनवते. टी३ हे मॉडेल २००३ चं, सुधारित टी३एक्स २०१६ चं. किंमत थोडी चढी. पण बोल्ट असा सरकतो की दुकानदार तो मुद्दाम हातात देतो. स्पेनच्या बर्गाराची बी-१४ रेमिंग्टन ७०० च्या मापांवर बेतलेली, म्हणून ७०० साठी बाजारात असलेले बहुतेक दस्ते आणि ट्रिगर तिला बसतात.

आणि जपानची होवा १५००. तिचा रिसीव्हर घडाईचा, सपाट बुडाचा, झटक्याचा दात अंगचाच. ही कंपनी १९०७ साली सुरू झाली ती यंत्रमाग बनवण्यासाठी, साकिची टोयोडा यांच्या मागांच्या जोरावर; ज्यांच्या घराण्यातून पुढे टोयोटा मोटार निघाली तेच हे टोयोडा. लोखंडाच्या अचूक कामाची सवय सुतापासून लागलेली. इचलकरंजी-मालेगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं नवल वाटू नये.

यातली कुठलीही घेतली तरी नळी आणि बोल्ट फसवणार नाहीत, असं दादाचं मत. निवड ठरते ती दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे पुढे सुटे भाग मिळतील का. ७०० ची मापं आणि सॅव्हेजची नट-पद्धत यांना बाजारात सर्वाधिक भाग मिळतात. दुसरी म्हणजे काडतूस. .३०-०६ हे १९०६ चं लष्करी काडतूस, .३०८ हे १९५२ चं. दोन्ही हरणाला पुरेशी, कुठल्याही गावातल्या दुकानात मिळणारी. ६.५ क्रीडमोर हे हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये काढलेलं, आखूड खोळीत लांबट निमुळती गोळी बसवणारं काडतूस. नाव न्यूयॉर्कजवळ १८७३ मध्ये सुरू झालेल्या क्रीडमोर नेमबाजी मैदानाचं. गोळी वाऱ्याला कमी बधते आणि खांद्याला बसणारा झटका .३०८ पेक्षा सौम्य. झटका सौम्य असला की माणूस बार उडताना डोळे मिटत नाही, आणि नवख्याचा निम्मा नेम तिथेच सुधारतो. दादाने क्रीडमोर घेतलं. रायफल या पाच कंपन्यांपैकीच एकीची, पण कुठली ते लिहीत नाही, कारण पुढे तिची उणीदुणी काढायची आहेत.

कागदाची पट्टी

रायफल घरी आल्यावर दादाने पहिलं काम केलं ते तिच्यात काडतूस नाही हे दोनदा तपासण्याचं. मग कागदाची एक पट्टी दुमडून नळी आणि दस्ता यांच्या फटीत सरकवली. पट्टी रिसीव्हरपर्यंत सहज गेली पाहिजे, म्हणजे नळी मोकळी आहे. टेबलावर ठेवलेल्या रायफलीत ती गेली. मग त्याने पुढे दोन पायांचा बायपॉड लावला, रायफलीवर खांद्याचा भार दिला आणि मला पट्टी ओढायला सांगितली. ती अडकली. प्लॅस्टिकचा दस्ता वाकून नळीला टेकत होता.

गोळी सुटताना नळी थरथरते. ती दर वेळी सारखी थरथरली तर गोळी दर वेळी सारखी जाते. मध्येच दस्ता टेकला, आणि तोही कधी जोरात कधी हलका, की गोळ्या पांगल्या. साच्यात ओतलेला पोकळ दस्ता बनवायला काही डॉलर लागतात. कारखान्याने खरी काटकसर केली होती ती इथे.

उपाय तीन. सर्वांत स्वस्त म्हणजे कानशीने फट रुंदावणं आणि पुढच्या पोकळीत इपॉक्सी भरून दस्ता ताठ करणं. दुसरा बेडिंगचा: रिसीव्हर जिथे टेकतो तिथे इपॉक्सीचा थर ओतून त्याच्याच मापाची घट्ट बैठक तयार करायची. रिसीव्हरला आधी मेण फासायला विसरलात तर रायफल आणि दस्ता कायमचे एकजीव. तिसरा उपाय नवा दस्ता: लाकडाचे थर चिकटवलेला लॅमिनेटेड, किंवा अ‍ॅल्युमिनियमची चासी. दीडशे-दोनशे डॉलरपासून हजारापर्यंत. दादाने लॅमिनेटेड घेतला, आणि स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर आवळले. "अंदाजपंचे आवळलेला स्क्रू म्हणजे दर वेळी नवी रायफल," असं तो म्हणतो. कारखान्यातलं हे त्याचं ब्रीदवाक्यच.

दुसरी काटकसर चापात. कुणी चुकून बार उडवला की खटला कंपनीवर, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी कारखाने चाप मुद्दाम जड ठेवत. पाच-सहा पौंडांचा चाप ओढताना आठ पौंडांची रायफल हललीच म्हणून समजा. ही कोंडी सॅव्हेजने २००३ च्या सुमारास फोडली. चापाच्या मधोमध एक पातळ पाती: ती बोटाने दबल्याशिवाय चाप सुटतच नाही, त्यामुळे चाप हलका ठेवूनही सुरक्षित. पुढे इतरांनीही तसेच चाप काढले. आज अडीच-तीन पौंडांपर्यंत स्वतः समायोजित करता येणारा चाप स्वस्त रायफलींतही मिळतो, आणि बदलायचाच तर टिम्नीसारख्या जुन्या नावाजलेल्या कंपनीचा दीड-दोनशे डॉलरला येतो.

पण इथे हौशी हाताला मज्जाव हवा. रेमिंग्टन ७०० च्या जुन्या चापाविषयी, रायफल बोट न लावता सुटते अशा तक्रारी अनेक वर्षं होत्या. कंपनीने दोष नाकारला, तरी सामूहिक खटल्यात लाखो रायफलींचे चाप बदलून देण्याचा समझोता झाला. जगभर गाजलेल्या रायफलीची ही गत, तर घरच्या टेबलावर स्प्रिंग कापणाऱ्याची काय कथा! दादा स्वतः यंत्रांतला माणूस, तरी चाप त्याने गनस्मिथकडून बसवून घेतला. नंतर रिकामी रायफल पुन्हा पुन्हा तपासली: बोल्ट जोरात आपटून, दस्ता रबरी चटईवर ठोकून. चाप हलला नाही.

तीन गोळ्यांची थाप

मैदानावर पहिल्या सकाळी तीन गोळ्या पाऊण इंचात पडल्या. दादाने फोटो काढला नाही. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थाने अभिनंदन केलं, तेव्हा म्हणाला, "अजून सात आहेत."

दहा झाल्यावर मी स्कोपमधून पाहिलं. घोळका सव्वा इंचाच्या आसपास गेला होता. रायफल बिघडली नव्हती. गोळ्या वाढवल्या की सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर वाढतंच. संख्याशास्त्राच्या हिशोबाने त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा घोळका तीन गोळ्यांच्या घोळक्याच्या सरासरी दीडपटीहून थोडा मोठा असतो. खोक्यावरचं आश्वासन बहुधा तीन गोळ्यांचं असतं, आणि ते खोटं नसतं. पण चार वेळा तीन-तीन झाडून त्यातला उत्तम खिशात घालणारा माणूस स्वतःलाच फसवतो. बहुतेक फसवी सुधारणा इथेच जन्मते. नवी वस्तू बसवली, तीन गोळ्या जवळ पडल्या, की पैसे वसूल झाल्याचा आनंद.

मग त्याने वेगवेगळ्या कंपन्यांची चार प्रकारची काडतुसं, प्रत्येकी दहा झाडली. रायफल तीच, दस्ता तोच, माणूस तोच. एका प्रकाराचा घोळका एक इंचाच्या किंचित वर, दुसऱ्याचा जवळजवळ दोन इंच. कुठल्याही चासीने एवढा फरक पडला नसता. ऑलिंपिकच्या पातळीवरचे नेमबाज .२२ च्या काडतुसांचे लॉट चाचणी मैदानावर आपल्याच नळीतून झाडून बघतात आणि जो लॉट जुळेल तोच साठवून ठेवतात. पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलेला आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे ज्या प्रकारात खेळतो, त्यात तर हे सगळे जण जाणतात.

हरणाच्या मर्मस्थानाचा व्यास साधारण २० सेंटिमीटर, आणि उत्तर मिशिगनच्या दाट झाडीत बार बहुधा शंभर यार्डांच्या आतलाच. तिथे सव्वा इंच म्हणजे चैन. पुढचा प्रत्येक डॉलर कागदासाठी, स्वतःच्या हौसेसाठी.

या हौसेत सर्वांत फसवी वस्तू म्हणजे महागडी नवी नळी. नट-पद्धतीच्या रायफलीत ती योग्य गेज आणि पाना घेऊन घरीही बदलता येते. म्हणून मोह अनावर. क्रीडमोरची नळी साधारण दोन-तीन हजार गोळ्या नीट चालते. आठवड्याला शंभर झाडणारा स्पर्धक ती पाच-सात महिन्यांत झिजवतो, त्याला बदलावीच लागते. दादासारखा माणूस वर्षाला तीनशे झाडेल. त्याची नळी झिजेपर्यंत मुलगा कॉलेज संपवेल. कारखान्याने जिथे मापात हात आखडलेला नाही, तिथे आपण पैसे ओतायचे नाहीत.

दुर्बिणीचं गणित उलटं. रायफलीसोबत बांधून मिळणाऱ्या स्वस्त दुर्बिणी ही आणखी एक काटकसर. नेम जुळवायची खिट्टी चार वेळा फिरवून परत आणली तर नेम मूळ जागी यायला हवा. स्वस्त दुर्बिणीत तो येईलच असं नाही. म्हणून चांगली दुर्बीण आणि त्याहून चांगल्या रिंगा. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण इथे लागू करू नये.

खडकीचं काडतूस

आपल्याकडे हा खेळ का नाही, हे दादाच्या मित्रांनी मला विचारलं. उत्तर कायद्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार संपवली. १९५९ चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय बंदूक ठेवू देत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली. तरी परवडणारी, कारखान्यातली बोल्ट-अ‍ॅक्शन आपल्याकडेही आहे: बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल. लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती नको, या ब्रिटिश धोरणातून .३१५ हा वेगळा बोअर इथे रुजला, आणि तिच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ', म्हणजे पुण्याच्या खडकी कारखान्याची खूण आढळते. तो दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. मात्र .३१५ चा मालक दस्ता, चाप, नळी अशी निवड करत बसत नाही. बाजारात तसे भागच नाहीत, आणि शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफारही कायद्याच्या चौकटीतच करावा लागतो. अमेरिकेतल्या स्वस्त रायफलीला दुसरं आयुष्य दिलं ते सुट्या भागांच्या मोठ्या बाजारपेठेने. रायफल स्वस्त असणं एवढंच त्याला पुरेसं नव्हतं.

दादाने वहीत हिशोब मांडलाय: रायफल ५५०, दस्ता १८०, चाप आणि मजुरी २१०, दुर्बीण व रिंगा ६००. एकूण १,५४०, म्हणजे भिंतीच्या उजव्या टोकाच्या रायफलीपेक्षा हजारभराने कमी, शिवाय त्या रायफलीला दुर्बीण वेगळीच घ्यावी लागली असती. वाचलेल्या हजारात, जुळलेल्या प्रकारची काडतुसं सुमारे दीड डॉलरला एक या दराने, साडेसहाशेच्या आसपास येतात. दोन वर्षांचा सराव. नवी चासी घेऊ का, असं मैदानावर कुणी त्याला विचारलं की तो उलट विचारतो, "यंदा किती गोळ्या झाडल्या?" उत्तर शंभरच्या आत असेल तर सल्ला ठरलेला: आधी काडतुसं घ्या.